खंडेनवमीचा नमस्कार

शरणपूर रोड, नाशिक
१० जुलै २००६

धनराज,

२३ ऑक्टोबर १९९३, दुपारी बारा वाजून पन्नास मिनिटं. अंबडच्या आपल्या कारखान्यात, कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर तू उभा होतास. दाराला कुलूप होतं आणि किल्ली तुझ्या खिशात होती. दारावर आतून वाजलं. तू ऐकलंस आणि दार उघडलं नाहीस.

पत्राची सुरुवात 'प्रिय'ने करावी, असं आमच्या शाळेत नन्सनी शिकवलं होतं. न आवडणाऱ्या माणसालासुद्धा. आज त्यांची क्षमा मागून तो शब्द गाळते.

'म्हातारीला तेरा वर्षांनी आज काय झालं?' असं तू बायकोला, तृप्तीला विचारशील. सांगते. माझ्या मागच्या खोलीत आपल्या जुन्या मशीनची डिस्क ड्राइव्ह पडून आहे. कारखान्याने ती भंगारात काढली तेव्हा मी ठेवून घेतली. वर शिवणाचं मशीन चांगलं बसतं म्हणून. काल मी ती विकायला काढली. खोलीत जागा हवी होती, दुसरं काही कारण नाही. भद्रकालीतला भंगारवाला इसाक दोन माणसं घेऊन आला, ढकलून पाहिली, हलली नाही, मग चारी बाजूंनी फिरला आणि म्हणाला, "मॅडम, पत्रा तो पत्राच आहे. पण याच्या पोटात लोहचुंबक असतो, तो भारी. झाकण खोलून बघू द्या."

त्याने झाकण उघडलं. आत तुझा लाल क्लॅम्प.

इसाकला त्यातलं काही कळलं नाही. मला कळलं. मी त्याला दहा रुपये रिक्षाला दिले आणि परत पाठवलं.

यापुढे जे लिहिते ते तुला सगळं ठाऊक आहे. पण हे पत्र उद्या आणखी कुणाच्या हाती पडलं, तर त्यालाही समजावं म्हणून पहिल्यापासून लिहिते. कंटाळा आला तरी वाच. माझे मेमो न वाचता सही करायची तुझी सवय मला माहीत आहे.

ते मशीन मुंबईहून ट्रकने कसारा घाट चढून आलं तेव्हा तू शाळेत होतास. मुख्य कॉम्प्युटर गोदरेजच्या कपाटाएवढा. शेजारी डिस्क ड्राइव्ह, ती कपडे धुण्याच्या मशीनएवढी. जनरल मॅनेजरांनी वाकून विचारलं होतं, "यात साबण कुठून टाकायचा?" वरचं झाकण उचलायचं आणि आत डिस्कचा पॅक बसवायचा. केकवर झाकण ठेवावं तसं पारदर्शक झाकण, आत एकावर एक तपकिरी थाळ्या. एवढ्या सगळ्या थाळ्यांवर जे मावायचं, ते आज माझ्या भाचीच्या कॅमेऱ्यातल्या नखाएवढ्या कार्डावर मावतं आणि ती त्यात मांजरीचे फोटो ठेवते. आमच्या त्या थाळ्यांवर अख्ख्या कारखान्याचा पगार होता, धनराज. आम्ही चपला बाहेर काढून आत जायचो. एसीची हवा खायला मशीन शॉपमधले लोक काहीतरी निमित्त काढून दारात यायचे आणि मी त्यांना हाकलायचे.

मशीनला आवाज होता. आताच्या कॉम्प्युटरना नसतो, म्हणून त्यांच्यावर माझा विश्वास नाही. थाळ्या वाचणारे हेड थाळ्यांवरून पुढेमागे सरकायचे. पगार चालू असला की कुणी रेशमी कापड घडी करतंय असं वाटायचं, स्टोअरचा हिशेब असला की उड्या. केबिनमध्ये बसून मला कळायचं, काय चाललंय आणि कुठे अडलंय. नईमला तर माझ्याआधी कळायचं. नईम शेख, माझा ऑपरेटर. मनमाडचा. वडील रेल्वेच्या कारखान्यात, हातोडी मारून चाक तडकलंय का ते आवाजावरून सांगणारे. तेच कान.

रिकाम्या दुपारी त्याने एक उद्योग केला. हेड ठरावीक अंतरावर आपटत पुढेमागे जातील असा प्रोग्राम लिहिला. ड्राइव्ह वाजायला लागली. टक टक. थोडं थांबून टक टक टक. अख्खं धूड हादरायचं आणि चाकांवर बोटभर पुढे सरकायचं. हा ठेका त्याचा स्वतःचा. चहा आला की माझ्या केबिनच्या लाकडी पार्टिशनवर तो असाच वाजवायचा. आता मशीनकडून वाजवून घेतला.

मी खूप बोलले. "हे कंपनीचं मशीन आहे, तबला नाही."

"तबला असता तर तुम्ही ऐकला असता का, मॅडम?" हे त्याचं उत्तर.

खंडेनवमीला अंबडमध्ये सगळीच यंत्रं थांबतात, धुतली जातात, झेंडूचे हार घालून घेतात. आपल्याकडे शेवटची पूजा कॉम्प्युटरची. नईमने एका वर्षी पूजेला तो प्रोग्राम चालवला आणि लोक वेडे झाले. "मशीनने नमस्कार केला!" मग दर वर्षी तेच. मशीनने नमस्कार केल्याशिवाय नारळ फोडायचा नाही, असा कारखान्याचा नियमच झाला.

१९९२ला कुणीतरी भक्तिभावाने मूठभर कुंकू उडवलं आणि झाकण उघडं होतं. हेड थाळीवर टेकत नाहीत, हवेवर तरंगतात. मधे केसही मावत नाही. कुंकवाचा कण मात्र गेला. मशीनची ती किंकाळी तू ऐकली आहेस. पॅक बाहेर काढला तेव्हा थाळीवर लालसर ओरखडा गोल फिरलेला होता. तो महिना आम्ही पगार हातांनी केला.

म्हणून पुढच्या वर्षी सर्व्हिस इंजिनियर साहेबांनी, म्हणजे तू, खबरदारी घेतलीस. ड्राइव्ह बंद केली, हेड जागच्या जागी जखडून ठेवणारा लाल क्लॅम्प लावला, खोलीला बाहेरून कुलूप घातलं, पूजा बंद दारापुढे उरकायची ठरवली. नईम रुसला. "माझ्या मशीनला बंद करता, तर मलाही करा," म्हणून डबा घेऊन आत बसला. नईमचं हे तू नंतर, तो आत गेलेला सापडल्यावर, चौकशीत सांगितलंस. क्लॅम्पचं सांगितलं नाहीस. ड्राइव्ह चालू होती म्हणालास. आवाज झाला तो रोजचाच, मशीनचा. नईमभाई खुर्चीत शांतपणे गेले असावेत, हृदय बंद पडून. कुणाचा काही दोष नाही.

क्लॅम्प लावलेल्या ड्राइव्हचे हेड हलत नाहीत, धनराज. मी पण तिथे होते, सगळ्यांबरोबर दारापुढे. आतून वाजलं, टक टक, टक टक टक. लोक ओरडले, "नमस्कार झाला!" आणि मी, जिने आयुष्यात कधी यंत्राला हात जोडले नाहीत, त्या वर्षी हसून हात जोडले. नारळ फुटला. ढोल सुरू झाला. मला प्रसादाला कँटीनमध्ये नेलं. तू दारापाशी थांबलास.

तिथे उभ्या असलेल्या एवढ्या माणसांत एकट्या तुला माहीत होतं की हा आवाज मशीनचा असूच शकत नाही. आणि तू मला हात जोडू दिलेस.

मला लेखी उत्तर हवं.

मोहिनी उजगरे

*

३ ऑगस्ट २००६

धनराज,

मी लेखी उत्तर मागितलं होतं. तू फोन केलास. मी ठेवून दिला, परत केलास, परत ठेवला. तिसऱ्यांदा ऐकून घेतलं ते केवळ शेजाऱ्यांची दुपारची झोप मोडू नये म्हणून.

"मॅडम, क्लॅम्प नंतर कुणीतरी लावला असेल. भंगारात काढताना. ट्रकमध्ये चढवताना."

सोळा वर्षं माझ्या हाताखाली काम केलेली माणसं मला मूर्ख समजतात, हा माझा अनुभव आहे. पण तू तर आठच वर्षं होतास. ऐक. तू स्क्रू आवळलास की त्याच्या डोक्यावर नेलपॉलिशचा थेंब ठेवायचास. स्क्रू कुणी फिरवला तर थेंब तडकतो, म्हणजे तुला कळणार. इतर इंजिनियर रंग वापरायचे. तू टायपिस्टच्या टेबलावरची बाटली पळवायचास, कारण टायपिस्ट तृप्ती होती आणि तुला तिच्या टेबलापाशी जायला कारण हवं होतं. जांभळा रंग, चकाकी असलेला. मी तिला त्यावरून बोललेही होते, ऑफिसात असला रंग शोभत नाही म्हणून.

क्लॅम्पच्या स्क्रूवरचा तो थेंब अखंड आहे. झेंडूची एक वाळलेली पाकळी क्लॅम्पखाली अडकली आहे. त्या दिवसानंतर ते मशीन पुन्हा सुरू झालंच नाही. पोलिसांनी खोलीला सील लावलं, ते निघेपर्यंत नवे छोटे कॉम्प्युटर आले आणि जुनं सगळं तसंच गोदामात गेलं. मलाही मेमो आला, विभागप्रमुखांनी यंत्राचं खेळणं होऊ दिलं म्हणून. मग बढती दुसऱ्याला. मग 'स्वेच्छेने' निवृत्ती. माझी इच्छा त्यात कुठे होती ते मी अजून शोधते आहे.

आता एक गोष्ट लिहिते. मागच्या पत्रात ती लिहिली नव्हती, कारण तू हसला असतास. हस. मी ड्राइव्ह विकायला काढली ती जागेसाठी नाही.

ती वाजते.

मे महिन्यापासून. दुपारी, जेवणानंतर. मला वाटलं, पंखा. पंखा बंद केला. वाटलं, शेजाऱ्यांचा बोअरवेल. त्यांना विचारलं, त्यांचा पंप तर जळालाय. मग वाटलं, माझं वय. त्याचा विचार करणं मी सोडून दिलं, कारण वय झालेल्या बाईला दुसरं काहीही झालेलं असू शकतं हे कुणी मान्यच करत नाही.

मग कुसाबाईने ऐकलं. माझ्याकडे धुणंभांडी करते, पेठकडची. हातातली बादली ठेवून दारात आली.

"बाई, त्या पेटीत कोन हाय?"

"कुणी नाही. जुनं मशीन आहे."

"वाजवतंय की."

"वाजवत नाही. वायर तोडलेली आहे त्याची. बघ, प्लगसुद्धा नाही."

तिने वाकून पाहिलं, प्लग नाही याची खात्री केली. "मंग त्याला लाईट लागतच नसंल," म्हणाली आणि पुन्हा भांड्यांना लागली. तिच्या दृष्टीने प्रश्न मिटला. दुसऱ्या दिवशी मी पाहते तर ड्राइव्हच्या झाकणावर हळदकुंकू. मी एवढी चिडले, की अर्धा तास ओल्या फडक्याने पुसत होते. कुंकू आत जाऊ नये म्हणून. आत काय उरलंय ज्याला कुंकवाची भीती, हे मला पुसून झाल्यावर सुचलं.

क्लॅम्प लावलेला आहे. मी बोटाने दाबून पाहिला. हेड हलत नाहीत. माझा हात आत असतानाच वाजलं, धनराज. हेड हलले नाहीत आणि वाजलं. पत्र्याला कंप आला तो माझ्या मनगटापर्यंत पोचला.

मी फक्त एवढंच विचारते आहे, त्या दिवशी तू काय ऐकलंस? लिहून पाठव.

मो. उजगरे

*

२९ ऑगस्ट २००६

धनराज,

तुझ्याऐवजी तृप्तीचा फोन आला. गणपतीची गडबड असताना, तुला न सांगता. पूर्वी मला घाबरून बोलायची नाही. आता चांगली बोलते.

"मॅडम, तुम्ही काय लिहिलंत यांना?"

"त्याला विचार."

"ते सांगत नाहीत. पत्र आलं की गच्चीवर जाऊन वाचतात. मॅडम, आमच्या घरात एका दाराला कडी नाही."

"म्हणजे?"

"लग्न झालं तेव्हापासून. बाथरूमलासुद्धा नाही. पाहुणे आले की मी बाहेर पहारा देते, बघा. जेवताना मधेच उठतात, जाऊन दार उघडतात. बाहेर कुणी नसतं. मी म्हटलं, कोण होतं? म्हणतात, 'काही नाही शे, तू जेव.' बागलाणातली भाषा हे एरवी बोलत नाहीत. घाबरले की बोलतात." मग आवाज खाली करून म्हणाली, "मॅडम, पूर्वी मला ऐकू यायचं नाही. या उन्हाळ्यापासून मलाही येतं."

मी तिला विचारलं, कसं वाजतं. तिने फोनवर टेबलावर वाजवून दाखवलं.

मी कधीच कुणाला न लावलेलं संबोधन तिला लावलं. 'बाळा' म्हटलं. तिला कळलं असेल की प्रकरण गंभीर आहे.

दुसरी गोष्ट. मी नईमच्या मुलीला बोलावलं होतं. आफिया. मनमाडला शाळेत शिकवते. वडील गेले तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेल. तोंडावळा त्याचाच आहे, आणि समोरच्याला बोलण्यात अडकवायची खोडही. हुस्नबानोने, तिच्या आईने, माझ्यासाठी नानकटाई पाठवली होती. मी खोटं बोलून बोलावलं नाही. सांगितलं, "तुझ्या वडिलांचं मशीन माझ्याकडे आहे, बघायचं असेल तर ये."

तिने ड्राइव्हवरून हात फिरवला. "अब्बा याला 'म्हैस' म्हणायचे," म्हणाली. "म्हणायचे, आज म्हैस आटली, आज म्हैस दूध देतेय. मला वाटायचं, कारखान्यात खरीच म्हैस आहे."

आम्ही बसलो. जेवण झालेलं होतं. ती वाजते हे मी मुद्दाम सांगितलं नव्हतं. तिने ऐकावं आणि मी तिच्याकडे बघावं, एवढंच ठरवलं होतं.

वाजलं.

तिचा चेहरा पांढरा पडेल, ती 'अब्बा' म्हणेल, असं मला वाटलं होतं. तिने मान तिरकी केली. तिचेही तेच कान आहेत. पुन्हा वाजेपर्यंत थांबली आणि म्हणाली, "हे अब्बांचं नाही."

"नीट ऐक."

"ऐकते आहे, आंटी. घरी ते असं कधीच वाजवायचे नाहीत. घरी तर नुसती थाप मारायचे, एकच, जोरात. अम्मी ओरडायची, दरवाजा तोडोगे क्या म्हणून. हा ठेका मी आयुष्यात ऐकलेला नाही."

मी उठून चहा टाकला.

चहा उतू गेला. पुसून पुन्हा टाकला. ती मुलगी पाचच्या गाडीने परत गेली. जाताना दारात थांबून म्हणाली, "आंटी, ते मशीन भिंतीला होतं ना? मी आले तेव्हा?"

मी जाऊन पाहिलं. भिंतीपासून हातभर पुढे आलं आहे. फरशीवर चाकांच्या रेघा आहेत. नव्या, पांढऱ्या. शिवणाचं मशीन वर तसंच, सुईत ओवलेला दोरासुद्धा तुटलेला नाही. कुसाबाई म्हणते, तिने हलवलं नाही, ती मसोबाची शपथ घ्यायला तयार आहे. इसाकने दोन माणसं आणूनही त्या दिवशी ते जागचं हललं नव्हतं.

नईम माझा ऑपरेटर होता. तो मला चहा आला की कळवायचा, बस. यापेक्षा जास्त काही तू कधी कुणाला सांगितलं असशील, तर ते खोटं आहे.

पण तो ठेका त्याने स्वतःच्या हातांनी दुसऱ्या कुणासाठी वाजवलेला नाही, हे मला त्या मुलीकडून कळलं. म्हणजे त्या दिवशी बंद दाराआडून तो लोकांना नमस्कार करत नव्हता. तुला 'उघड' म्हणत नव्हता. तुझं नावच नव्हतं त्यात.

मला हाक मारत होता. आणि मी हात जोडले.

तू अजून लिहिलेलं नाहीस.

मो. उ.

*

२१ सप्टेंबर २००६

धनराज,

लिहायचं सोडून तू पुतण्याला पाठवलंस. टेम्पो आणि चार हमाल. मनोज नाव त्याचं, चांगला गोड बोलतो, कॉल सेंटरमध्ये आहे असं वाटतं.

"मॅडम, काकांनी सांगितलं, पुण्यात एका कॉलेजला जुन्या कॉम्प्युटरचं प्रदर्शन करायचंय. तुमचं नाव लावणार खाली. 'सौजन्य' म्हणून."

"कुमारी लावा. सौजन्य माझ्यात नाही, हे तुझ्या काकांना माहीत आहे."

तो हसला. हमाल एव्हाना मागच्या खोलीत गेले होते. त्यांच्यातला म्होरक्या चिमाजी, सायखेड्याचा, पहिलवान माणूस. त्याने दोन्ही हात लावले आणि काढले. पुन्हा लावले. मग बाहेर आला आणि मनोजला म्हणाला, "शेठ, ते चालू हाय."

"अहो, बंद आहे ते. तेरा वर्षं."

"मंग आत मानूस हाय. आपुन मानसाचं भाडं घेत नाय."

आणि चौघेही टेम्पोत जाऊन बसले. मनोज मात्र शहाणा. आत गेला, कान लावला. बाहेर आला तेव्हा गोड बोलणं संपलं होतं. मला विचारलं, "मॅडम, काका घरी दारं का उघडी ठेवतात?" मी म्हटलं, "आता काकालाच विचार." पाणी देऊ केलं. प्यायला नाही.

तुला ती ड्राइव्ह हवी आहे, कारण क्लॅम्प काढायचा आहे. मग थेंबही गेला आणि पाकळीही. मी तुझा त्रास वाचवते. क्लॅम्प मीच काढणार आहे.

आता आवाज दुपारपुरता राहिलेला नाही. आणि ठेकाही बदलला आहे. पहिले दोन, मग थांबणं, मग तीन, हे अजून आहे. पण मधलं थांबणं लांबत चाललं आहे. दोन वाजतात. मग मी श्वास धरून बसते. मग तीन. काल तिसऱ्याला टकटक नव्हती, पत्र्यावरून हात खाली घसरावा तसं काहीतरी होतं. मशीनकडे हात नसतात, धनराज. मी त्याच्याबरोबर सोळा वर्षं काढली, मला त्याचा प्रत्येक आवाज माहीत आहे. हा त्याच्या आवाजांपैकी नाही. हे मशीन त्या दिवशीचं सांगतंय. त्या खोलीत तो एकटाच नव्हता, ही ड्राइव्ह होती ना शेजारी, तोंड बांधलेली. हिने ऐकलंय. बाहेर तू ऐकलंयस. मधे फक्त दार होतं.

ती आता खोलीच्या दारापाशी आली आहे. दार ढकललं तर तिला लागतं. आम्ही दोघी दाराच्या दोन बाजूंना आहोत. कुसाबाई म्हणते, "बाई, तिला भाईर यायचं आसंल, येऊ द्या की." ती आता त्या खोलीत बिनधास्त झाडू मारते आणि ड्राइव्हला वळसा घालताना "सरक गं" म्हणते. मला मात्र आत जाववत नाही. भीती वाटते असं समजू नकोस. आत गेले की मला मधेच उत्तर द्यावंसं वाटतं. पार्टिशनवर मी उलट वाजवायचे. एकदाच. 'येते' म्हणून. हे कुणाला माहीत नव्हतं. तुलाही.

पोलिसांकडे मी जाणार नाही, तुझ्या मालकांना कळवणार नाही, आफियाला तर नाहीच. तुझ्या दोन मुली आहेत असं तृप्ती म्हणाली. त्यांच्या घरात दारांना कड्या असाव्यात, असं मलाही वाटतं. तू घाबरलास हे मी समजू शकते. तिशीच्या आतलं पोर, खिशात किल्ली, पुढे मॅनेजर नारळ घेऊन उभे. पहिल्यांदा वाजलं तेव्हा तुला वाटलं असेल, नईमभाई हातांनी वाजवून लोकांची हौस भागवतोय. तेवढं मी तुला सोडून देते. मीही हसले होते. पण नंतर ढोल सुरू झाला, आम्ही सगळे कँटीनकडे गेलो, आणि तू तिथे राहिलास. तिथून पुढचं फक्त तुझ्याकडे आहे. ते तुझं नाही. माझं आहे. ते मला परत कर.

सोपं करून विचारते, म्हणजे कारणं सांगायला जागा राहणार नाही.

आम्ही गेल्यावर ते किती वेळ चाललं? आणि शेवटपर्यंत तोच ठेका होता का, की शेवटी त्याने मला हाक मारणं सोडून नुसतं दार वाजवलं?

यंदा खंडेनवमी १ ऑक्टोबरला आहे. त्या दिवशी दुपारी बारा वाजून पन्नास मिनिटांनी मी तुझ्या बायकोच्या नेलपॉलिशचा थेंब फोडून क्लॅम्प काढणार आहे. वायर नसलेल्या, वीज नसलेल्या ड्राइव्हचे हेड मोकळे केल्यावर काय होतं, हे कुठल्याही मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नाही, मी पाहिलं. पण मग ती जे सांगायचं ते पुरतं सांगेल आणि मला ते ऐकावं लागेल. ते यंत्राकडून ऐकण्याआधी मला माणसाकडून ऐकायचं आहे.

म्हणून तुझं उत्तर, तुझ्या हातचं, शाईने लिहिलेलं, खाली पूर्ण सही असलेलं, रविवार १ ऑक्टोबर २००६ रोजी दुपारी बाराच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे. रविवारी टपाल येत नाही, तेव्हा शनिवारी पोचेल असं पाठव किंवा स्वतः घेऊन ये. फोन करू नकोस. पुतण्या नको. पेढे नकोत.

स्वतः आलास तर बेल वाजवू नकोस आणि दारावर टकटक तर मुळीच करू नकोस. वाजवणारा तू की ती, हे मी ओळखू शकणार नाही. पुढचं दार उघडंच असेल. मागच्या खोलीची कडीही मी आज सुताराकडून काढून घेतली आहे.

मोहिनी उजगरे